शरीरसंबंधांची धास्ती: ऐनवेळी शरीर साथ का देत नाही?

एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं एका तरुण जोडप्याचं लग्न रद्दबातल ठरवलं. नवरा २७ वर्षांचा, बायको २६ वर्षांची. लग्नानंतर १७ दिवसांत दोघं वेगळे झाले होते आणि तेवढ्या दिवसांत त्यांच्यात शरीरसंबंध आलेच नव्हते. या प्रकरणाच्या बातम्यांमध्ये 'रिलेटिव्ह इम्पोटन्सी' हा शब्द सगळीकडे झळकला. माणूस एरवी सक्षम असतो, पण एखाद्या विशिष्ट व्यक्तीबरोबर किंवा विशिष्ट परिस्थितीत त्याचं शरीर साथ देत नाही, असा त्याचा अर्थ.

त्या दोघांचं नेमकं काय बिनसलं हा त्यांचा खासगी मामला आहे. आपल्याला त्यात डोकावायचं कारण नाही. पण बातमी वाचणाऱ्याला एक प्रश्न पडतोच. शरीर धडधाकट आहे, वय तरुण आहे, दाराला कडी आहे, तर मग अडतं कुठे?

बऱ्याचदा अडतं ते धास्तीपाशी. डॉक्टर तिला 'परफॉर्मन्स अँग्झायटी' म्हणतात. आपल्याला जमेल का, आपण कमी पडू का, दुखेल का, समोरच्याला काय वाटेल, या विचारांचा ताण एवढा वाढतो की त्या ताणामुळेच काही जमत नाही. या लेखात तिला नुसतं धास्ती म्हणू. ही धास्ती वेडेपणा नाही आणि नामर्दपणा तर मुळीच नाही. तिच्यामागे शरीराचं साधं, समजण्याजोगं शास्त्र आहे.

झोप आणि ताठरता यांचं एक साम्य

पहाटे चारची गाडी पकडायची असते. रात्री दहालाच अंथरुणावर पडून आपण स्वतःला बजावतो, आता झोप लागलीच पाहिजे. साडेदहा होतात, अकरा होतात. किती तास उरले याचा हिशोब डोक्यात सुरू होतो आणि डोळे टक्क उघडे राहतात. झोप हुकूम सोडून येत नाही. तिच्यासाठी फक्त जागा करून देता येते.

कामोत्तेजनेचंही असंच असतं. हात वर करायचा म्हटला की हात वर होतो, कारण तो आपल्या इच्छेनं चालतो. हृदयाचे ठोके, पचन, घाम या गोष्टी मात्र आपल्याला न विचारता चालतात. त्या सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेचे दोन भाग असतात. पहिला धोक्याच्या वेळी जागा होतो. तो अॅड्रेनॅलिन सोडतो, ठोके वाढवतो, हातपाय पळायला किंवा लढायला तयार करतो. दुसरा भाग निवांतपणी काम करतो. जेवण पचवणं, तोंडाला पाणी सुटणं ही त्याची कामं. पुरुषाच्या लिंगाला ताठरता येणं आणि स्त्रीच्या योनीत ओलावा येणं, ही दोन्हीही प्रामुख्यानं याच निवांत भागाच्या भरवशावर असतात.

लिंगाच्या आत स्पंजासारख्या उतीचे दोन नळकांड्यासारखे भाग असतात. त्यातले बारीक स्नायू एरवी आवळलेले असतात, त्यामुळे तिथे रक्त बेताचंच जातं. उत्तेजना आली की मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, हे स्नायू सैलावतात आणि रक्त आत शिरतं. भरलेल्या रक्ताच्या दाबानं बाहेर नेणाऱ्या शिरा दबतात, म्हणून ते तिथेच टिकतं. म्हणजे ताठरता येण्यासाठी स्नायू आवळून चालत नाही, सैल पडावे लागतात. जोर लावून ती आणता येत नाही, ती यामुळेच.

धास्तीनं अॅड्रेनॅलिन वाढलं की हेच स्नायू पुन्हा आवळले जातात आणि रक्त ओसरतं. याचा रोकडा पुरावा रुग्णालयात मिळतो. कधीकधी ताठरता चार तास उलटले तरी जात नाही आणि दुखू लागते. ही तातडीनं उपचार करण्याची अवस्था असते. तेव्हा डॉक्टर थेट लिंगात फेनिलेफ्रिन नावाचं औषध टोचतात, आणि हे औषध अॅड्रेनॅलिनच्याच कुळातलं आहे. ताठरता उतरवायला डॉक्टर जे सुईनं देतात, त्याचा सख्खा भाऊबंद घाबरलेला माणूस स्वतःच्या शरीरात फुकट तयार करत असतो.

आणखी एक गंमत आहे, अर्थात ज्याच्यावर बेतते त्याला ती गंमत वाटत नाही. वीर्यस्खलन घडवण्याचं काम मुख्यतः धोक्याच्या भागाकडे आहे. त्यामुळे घाबरलेल्या पुरुषाची दुहेरी पंचाईत होते. ताठरता टिकत नाही आणि स्खलन मात्र लवकर होतं. अनेकांना वाटतं आपल्याला दोन वेगळे आजार जडलेत. मूळ बहुधा एकच असतं.

आपणच खेळाडू, आपणच पंच

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या जोडीनं १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शरीरसंबंधांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. ज्यांना अडचण येते अशा लोकांमध्ये त्यांना एक सवय पुन्हा पुन्हा दिसली. ही माणसं त्या क्षणात नसतातच. ती जणू खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून स्वतःकडे बघत असतात. आलं का? टिकतंय का? तिला कळलं का? माझं पोट सुटलेलं दिसतंय का?

एकदा ही पंचगिरी सुरू झाली की स्पर्श, वास, समोरच्या माणसाचा श्वास, यातलं काही आत पोचत नाही. उत्तेजनेला खाद्यच मिळत नाही. मग ती ओसरते, ओसरली म्हणून धास्ती वाढते आणि धास्ती वाढली म्हणून उरलीसुरलीही जाते. पुढच्या वेळी खोलीत पाऊल टाकण्याआधीच मागच्या वेळची आठवण हजर असते. एका वाईट रात्रीतून सहा महिन्यांचं दुखणं तयार होतं ते असं. ती पहिली रात्र वाईट जाण्याचं कारण अगदी फालतू असू शकतं. दिवसभराचा थकवा, वरातीतली दोन पेगची दारू, ताप, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांचं घोरणं.

पण थोडी भीती तर सगळ्यांनाच वाटते की

हा आक्षेप रास्त आहे. चोरून भेटणाऱ्या प्रेमिकांच्या छातीत धडधडतच असतं, त्यांचं कुठे अडतं? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नेमकं हेच तपासलं. त्यांनी पुरुषांना उत्तेजक फिती दाखवल्या आणि मध्येच सौम्य विजेचा झटका बसू शकेल अशी धास्ती घातली. ज्यांना एरवी अडचण नव्हती त्यांची उत्तेजना कमी झाली नाही, उलट वाढली. ज्यांना अडचण होती त्यांची घटली. मग लक्ष भलतीकडे वळवून पाहिलं, तेव्हा चित्र फिरलं. अडचण नसलेल्यांची उत्तेजना घसरली आणि अडचण असलेल्यांना फारसा फरक पडला नाही, कारण त्यांचं लक्ष आधीपासूनच भलतीकडे होतं.

मला या सगळ्या विषयात हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. नुसती धडधड वैरी नसते. धडधडताना लक्ष कुठे आहे यावर सगळं ठरतं. ते समोरच्या माणसावर असेल तर धडधड उत्तेजनेत मिसळून जाते. आपल्याच कामगिरीच्या गुणपत्रिकेवर असेल तर तीच धडधड गळा धरते. म्हणूनच 'घाबरू नकोस रे' हा सल्ला कुचकामी आहे. घाबरू नये म्हणून स्वतःवर नजर ठेवायची, म्हणजे पंचगिरी आणखी वाढवायची.

हे पुरुषांचंच दुखणं ना?

नाही. स्त्रियांचं दिसत नाही, एवढंच. पुरुषाचं अपयश लपत नाही आणि स्त्रीचं 'लाजते' म्हणून खपून जातं.

स्त्री धास्तावलेली असेल तर योनीत ओलावा येत नाही, संबंध दुखतात, आणि पुढच्या वेळी दुखण्याचीच भीती आधी येते. काहींच्या बाबतीत योनीभोवतीचे स्नायू आपोआप इतके आवळले जातात की आत बोट किंवा टॅम्पॉनही (पाळीच्या वेळी आत ठेवायचा कापसाचा बोळा) जात नाही. याला 'व्हजायनिस्मस' म्हणतात. ती स्त्री हे मुद्दाम करत नाही. डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते, तितकंच ते अनैच्छिक असतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एका प्रयोगात स्त्रियांना धोक्याचे प्रसंग असलेल्या चित्रफिती दाखवल्या आणि स्नायूंचे ताण मोजले. प्रसंग लैंगिक असो वा नसो, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू खांद्याच्या स्नायूंबरोबर आवळले गेले. व्हजायनिस्मस असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांत हेच झालं. ही शरीराची सर्वसाधारण बचावाची हालचाल आहे, ज्यांना त्रास होतो त्यांच्यात ती संबंधाशी घट्ट जोडली गेलेली असते.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. जिला हे लग्नच नको होतं, किंवा जिला नवऱ्याच्या वागण्याची भीती वाटते, तिची धास्ती हा आजार नाही. तिचं शरीर खरं तेच सांगतंय. लहानपणी अत्याचार सोसलेल्या व्यक्तीचंही असंच. घरच्यांच्या दबावाखाली मुलीशी लग्न लावून दिलेल्या समलिंगी पुरुषाला 'धास्तीवर उपचार' देणं हा तर दोघांवरही अन्याय आहे. काहींना मुळात शरीरसंबंधांची ओढच नसते, तेही आजारी नसतात. आधी इच्छा आहे का ते पाहायचं, भीतीचा प्रश्न त्यानंतरचा.

ही परीक्षा लावली कुणी?

खरं तर आपल्याकडे पंचगिरी शिकवावी लागत नाही, ती अंगवळणी पडलेलीच असते.

पहिल्या रात्रीचंच बघा. चारेक महिन्यांची ओळख, तीही निम्मी फोनवरची. दोन दिवस हळद, वरात, जेवणावळी, उभ्यानं फोटो. मग दोघांना फुलांनी सजवलेल्या खोलीत ढकलायचं आणि सकाळी वहिन्यांनी सूचक हसायचं. शरीरशास्त्राच्या दृष्टीनं याहून प्रतिकूल वेळ शोधून सापडायची नाही. तरी या रात्रीला मुहूर्ताचा मान. माझ्या मते नवीन जोडप्याला त्या रात्री झोपू द्यावं, पुरेसं आहे.

त्यात पहिल्या रात्री रक्त आलंच पाहिजे हा समज. योनिपटल हे दाराला लावलेलं सील नसतं. ती योनीच्या तोंडाशी असलेली, लवचीक कडेसारखी घडी असते, तिचा आकार प्रत्येकीत वेगळा असतो आणि अनेकींना पहिल्या संबंधात अजिबात रक्त येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसोबत २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की कौमार्य चाचणीला कुठलाही वैज्ञानिक आधार नाही आणि ती बंद व्हायला हवी. त्याच सुमारास आपल्याकडे कंजारभाट समाजातल्या तरुणांनी पुण्यातून या प्रथेविरुद्ध उघड मोहीम चालवली. जात पंचायतीसमोर चादर दाखवायची असेल, तर वधूच काय, वराचंही शरीर कसं काम करेल?

मग मिनिटांचा हिशोब. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या ५०० जोडप्यांना स्टॉपवॉच देण्यात आलं. योनिप्रवेशापासून स्खलनापर्यंतचा वेळ ५.४ मिनिटं भरला, म्हणजे निम्म्यांचा याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त. अर्ध्या मिनिटापासून ४४ मिनिटांपर्यंत सगळं त्यात होतं. मोबाइलवरच्या अश्लील चित्रफिती पाहून अर्धा तास हे प्रमाण मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्या तुकडे जोडून, औषधं घेऊन, पैसे देऊन बनवलेल्या असतात. लांबीचंही तसंच. १५ हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ताठर अवस्थेतली सरासरी १३ सेंटिमीटरच्या आसपास निघाली.

आणि 'धात जाणं'. वीर्य हा शरीराचा अर्क आहे, हस्तमैथुनानं किंवा स्वप्नावस्थेत ते गेलं की ताकद जाते, ही भीती घेऊन कितीतरी मुलं लग्नाला उभी राहतात. आपण आधीच दिवाळखोर झालो आहोत असं त्यांना वाटत असतं. मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या धास्तीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. ती फक्त भारताची आहे असंही नाही. अठराव्या शतकात तिसो नावाच्या स्विस डॉक्टरनं हीच भीती अख्ख्या युरोपभर पसरवली होती. वस्तुस्थिती अशी की वीर्यातला बहुतांश द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींत तयार होतो, शुक्राणू रोज कोट्यवधींनी बनत असतात, आणि त्यासाठी रक्ताचे थेंब मोजून खर्ची पडत नाहीत.

रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज' असं रंगवणाऱ्यांचा धंदा याच भीतीवर उभा आहे. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. भिंतींना ते अजून कळलेलं नाही.

मूल होत नाही म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्यांची व्यथा याहून वेगळी. डॉक्टर सोनोग्राफी करून सांगतात, उद्या आणि परवा. त्या दोन रात्री नेमकं नवऱ्याला जमत नाही, आणि एरवी महिनाभर सगळं ठीक असतं. यात नवल काहीच नाही, पण हे आधी कुणी सांगून ठेवत नाही.

शेवटचं कारण अगदी जमिनीवरचं. वन रूम किचन, स्वयंपाकघरात सासू-सासरे, पार्टिशनपलीकडे दीर. कान सतत बाहेर. अशा घरात धास्तीला मानसशास्त्र लागत नाही, चौरस फूट पुरतात.

आजोबांच्या काळी नव्हतं असलं काही

होतं. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालवलं. त्यात वाचकांचे लैंगिक शंकांचे प्रश्न आणि कर्व्यांची रोखठोक उत्तरं असत. हस्तमैथुनासारख्या विषयांवरच्या अशाच उत्तरांसाठी त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे हरले, दंड भरला आणि पुढचे अंक काढत राहिले. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीही मराठी माणसाला हेच प्रश्न पडत होते आणि तो ते पोस्टानं विचारत होता. अलीकडच्या काळात मुंबईतल्या एका इंग्रजी दैनिकात डॉ. महिंदर वत्सांनी नव्वदी ओलांडल्यावरही अशा प्रश्नांना मिश्कील उत्तरं दिली. प्रश्न विशेष बदललेले नव्हते.

आजोबांच्या काळी एक गोष्ट मात्र वेगळी होती. बायकोला काय वाटतं हे विचारायची पद्धत नव्हती, त्यामुळे तिच्याकडून नापास होण्याचं भयही नव्हतं. तो काळ चांगला होता असं म्हणणाऱ्यांनी आजींनाही विचारून पाहावं.

मग एक निळी गोळी घेतली की झालं ना?

सिल्डेनाफिल हे औषध मुळात छातीत कळ येण्याच्या आजारासाठी तपासलं जात होतं. त्याचा दुसराच परिणाम लक्षात आला आणि १९९८ मध्ये 'व्हायग्रा' नावानं ते अमेरिकेत बाजारात आलं. वर सांगितलेली स्नायू सैलावण्याची प्रक्रिया ते जास्त वेळ टिकवतं. पण ती प्रक्रिया सुरू व्हावी लागते. गोळी इच्छा निर्माण करत नाही आणि पंचगिरी थांबवत नाही, म्हणून गोळी घेऊनही काहींना जमत नाही आणि ते आणखी खचतात.

तरी तिला मोडीत काढायचं कारण नाही. डॉक्टर कधीकधी काही आठवड्यांसाठी ती देतात, दोनचार वेळा नीट जमलं की आत्मविश्वास परततो आणि मग गोळी सुटते. स्वतःच्या मनानं घेणं मात्र धोक्याचं. छातीत दुखण्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची औषधं घेणाऱ्यांनी ही गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये हेच रसायन गुपचूप मिसळलेलं सापडलं आहे, तेही किती मात्रेत याचा पत्ता नसतो.

दारूबद्दलही विचारतात. दोन घोट भीती थोडी कमी करतात, पुढचे घोट मज्जातंतू बधिर करतात. हिशोब तोट्याचाच होतो.

धास्ती आहे की आजार?

पुरुषाच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. झोपेच्या एका विशिष्ट टप्प्यात निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते, पहाटेची ही त्यातलीच. पहाटे येते, एकांतात येते, फक्त जोडीदारासोबत येत नाही आणि हे एकाएकी सुरू झालं, तर यंत्रणा शाबूत आहे, अडचण धास्तीची असण्याची शक्यता जास्त. उलट महिन्यामहिन्यानं सगळीकडेच कमी होत गेलं असेल तर रक्तातली साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हार्मोन तपासायला हवेत. चाळिशीपुढे हे टाळू नयेच. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चोंदण्याचा परिणाम तिथे आधी दिसतो. ताठरतेची तक्रार ही काहींच्या बाबतीत हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली चिठ्ठी असते. नैराश्यावरची काही औषधंही इच्छा आणि स्खलन यांवर परिणाम करतात, पण ती मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावीत.

स्त्रीला दुखत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी उती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार), बाळंतपणानंतरची किंवा पाळी जातानाची कोरड या गोष्टी पाहून घ्याव्यात. 'मूल झालं की सगळं ठीक होईल' हे उत्तर मिळालं, तर दुसरा डॉक्टर गाठावा.

दोन्ही कारणं एकत्रही असतात. मधुमेहामुळे एकदा बिनसतं आणि पुढचं काम धास्ती करते.

उपचार म्हणजे नेमकं काय करतात?

लोकांना वाटतं काहीतरी लाजिरवाणं करायला लावतील. प्रत्यक्षात पहिली सूचना बहुधा अशी असते: काही आठवडे संबंध ठेवायचेच नाहीत.

ही पद्धत मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडली. परीक्षाच रद्द केली की नापास होण्याची सोय उरत नाही. आठवड्यातून दोनतीनदा अर्धा-पाऊण तास दोघांनी निवांत वेळ काढायचा आणि आळीपाळीनं एकमेकांना स्पर्श करायचा. पाठ, हात, पाय, केस. जननेंद्रियं आणि स्तन सुरुवातीला वर्ज्य. उत्तेजित होणं हा हेतू नसतो. स्पर्श गरम लागतो की गार, खरखरीत की मऊ, एवढ्यावर लक्ष ठेवायचं, मन गुणपत्रिकेकडे धावलं की परत स्पर्शावर आणायचं. हे जमू लागलं की पुढच्या टप्प्यात सगळ्या शरीराला स्पर्श, पण संबंध अजूनही नाहीत. ताठरता आली तर तिला मुद्दाम ओसरू द्यायचं आणि पुन्हा यायची वाट पाहायची. गेलेली परत येते, हे शरीराला अनुभवानं कळावं म्हणून हा खटाटोप. प्रवेश अगदी शेवटी, तोही थोड्या वेळापुरता. काही जोडपी मध्येच बंदी मोडून अपराधी चेहऱ्यानं डॉक्टरांकडे येतात. डॉक्टर रागावत नाहीत, हे सांगायला नकोच.

व्हजायनिस्मसमध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात. मग स्वतःचं बोट किंवा डायलेटर नावाच्या गुळगुळीत नळ्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, स्त्री स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या गतीनं वापरते. ताबा पूर्णपणे तिच्याकडे असणं हाच यातला निम्मा उपचार. नियमित सराव केलेल्या बहुतेक जणींना गुण येतो.

जोडीला समुपदेशन असतं, त्यात पहिल्या रात्रीपासून धातीपर्यंतचे समज एकेक करून बाहेर काढले जातात. वेळ आठवड्यांचा किंवा महिन्यांचा लागतो.

पण जोडीदाराला सांगायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यांत जड जातो. न सांगितल्यानं काय होतं ते आधी पाहू. नवरा अपयश टाळायला उशिरा घरी येतो, लॅपटॉप घेऊन बसतो, तिच्या आधी झोपून जातो. बायको समजते, मी आवडत नाही, नाहीतर याचं बाहेर काहीतरी आहे. तिला दुखत असेल तर ती डोकेदुखीचं कारण सांगते, तो समजतो हिला माझा तिटकारा आहे. दोघं एकाच धास्तीनं एकमेकांपासून लांब जातात आणि मग सासरमाहेरची माणसं बैठक घालतात.

सांगायची जागा पलंग नव्हे आणि वेळ नुकतंच फिसकटल्यानंतरची नव्हे. दुपारी चहा घेताना, गाडीवरून जाताना, चालायला गेल्यावर, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तिथे बोलणं सोपं जातं. वाक्य साधं असावं. 'मला तू हवी आहेस, पण त्या वेळी माझ्या डोक्यात जमेल का हेच फिरत राहतं.' किंवा, 'मला दुखतं म्हणून मी टाळते, तू नकोस म्हणून नाही.' ऐकणाऱ्यानं त्यावर उपाय सुचवायची घाई करू नये, आणि 'होतं असं, काही विशेष नाही' म्हणून झटकूनही टाकू नये. 'मग आपण काय करूया?' एवढं विचारलं तरी खूप होतं.

डॉक्टरांकडे दोघांनी गेलेलं उत्तम. मानसोपचारतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ यांपैकी कुणाकडूनही सुरुवात करता येते. पाटीवर एमडी, एमएस, डीएनबी अशी मान्यताप्राप्त पदवी आहे ना, हे पाहावं, भिंतीवर फक्त मोबाइल नंबर असेल तर पुढे चालू लागावं. प्रत्यक्ष जायची लाज वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. आणि दुसऱ्यानं यायला नकार दिला तर एकट्यानं जावं. पहिल्या भेटीत डॉक्टर निम्मा वेळ प्रश्नच विचारतात, कधीपासून, कुठल्या वेळी, पहाटे काय होतं, औषधं कुठली चालू आहेत. त्याची उत्तरं घरूनच कागदावर लिहून नेली तर तोंडानं सांगायची वेळही फारशी येत नाही.